दुधाच्या दाढेखाली घडणारा दात

चार-पाच वर्षांच्या मुलाच्या खालच्या जबड्याचा एक्स-रे उजेडावर धरला की दुधाच्या दाढेच्या दोन फाकलेल्या मुळांच्या बेचक्यात एक गोलसर काळी पोकळी दिसते आणि तिच्यात पांढऱ्या टोपीसारखा एक तुकडा. ती टोपी म्हणजे दहा-बारा वर्षांच्या वयात तोंडात येणाऱ्या उपदाढेचा माथा. मुळे अजून फुटलेली नसतात, माथाही अर्धामुर्धाच झालेला असतो. दुधाच्या दाढेची मुळे आणि हा दंतांकुर यांच्यामध्ये हाडाचा पातळ पडदा आणि दंतांकुराची स्वतःची पिशवी, एवढेच काय ते अंतर. पटाशीच्या दातांची मांडणी थोडी निराळी असते. तिथे कायमचा दात दुधाच्या दाताच्या मुळामागे, टाळूच्या किंवा जिभेच्या बाजूला तयार होत असतो. पण जवळीक तितकीच. दुधाच्या दाताचा संसर्ग कायमच्या दातापर्यंत कसा पोचतो, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या शेजारात आहे.

उरलेले निम्मे उत्तर वेळापत्रकात आहे. बाळाच्या तोंडात २० दुधाचे दात येतात, त्यांतल्या ८ दाढा. या आठांच्या जागी पुढे आठ उपदाढा येतात. मोठ्या माणसाच्या दाढा त्यांच्या मागे, नव्या जागेत उगवतात. पटाशीच्या बहुतेक कायमच्या दातांचे माथे बाळ तीन-चार महिन्यांचे असतानाच खनिज धरू लागतात आणि चार-पाच वर्षांपर्यंत पूर्ण होतात. पहिली उपदाढ दीड-दोन वर्षांच्या सुमारास सुरू होऊन पाच-सहा वर्षांपर्यंत, तर दुसरी उपदाढ दोन-अडीच वर्षांना सुरू होऊन सहा-सात वर्षांपर्यंत घडत राहते. म्हणजे बालवाडीत जाणाऱ्या मुलाच्या जबड्यात सुळे आणि आठही उपदाढा एकाच वेळी घडणीत असतात. नेमक्या याच वयात दुधाच्या दाढा किडतात.

घडण म्हणजे काय, हे थोडे जवळून पाहायला हवे. दाताचे बाहेरचे कवच, इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. ते रचणाऱ्या पेशी आधी प्रथिनांचा एक मऊ साचा घालतात, मग त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरत जातात आणि मधले प्रथिन व पाणी काढून घेतात. काम संपले की त्या पेशी उरत नाहीत. दात तोंडात येईपर्यंत त्या नष्ट झालेल्या असतात. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. इनॅमलला ती सोय नाही. पहिल्या टप्प्यात पेशींना इजा झाली तर इनॅमल कमी पडते, खड्डे राहतात किंवा एखाद्या भागावर ते मुळीच येत नाही. दुसऱ्या टप्प्यात झाली तर जाडी बरोबर असते पण खनिज अपुरे भरते, आणि तो भाग पांढरा, पिवळा वा तपकिरी दिसतो, खडूसारखा ठिसूळही राहतो. दातावरचा डाग पाहून तो कोणत्या वयात पडला असेल याचा अंदाज दंतवैद्याला बांधता येतो, तो यामुळेच.

आता कीड. दुधाच्या दाताचे इनॅमल पातळ असते आणि आतली मज्जा, जिला घरोघरी ‘नस’ म्हणतात, ती दाताच्या आकाराच्या मानाने मोठी आणि पृष्ठभागाच्या जवळ असते. म्हणून मोठ्या माणसाच्या दातात जे किडणे दोन-तीन वर्षे रेंगाळेल, ते मुलाच्या दाढेत काही महिन्यांत नसेपर्यंत जाऊन भिडते. दोन दाढांमधल्या फटीत सुरू झालेली कीड तर वरून दिसतही नाही. आईबापांना दाढ धडधाकट वाटते आणि एके दिवशी खाता खाता तिचा कोपरा ढासळतो. मज्जा मेली की जंतू आणि त्यांची विषे मुळांच्या टोकांतून बाहेर पडतात, हे सगळ्याच दातांत होते. दुधाच्या दाढेत आणखी एक वाट असते. मज्जेच्या खोलीचा तळ पातळ आणि सच्छिद्र असतो, त्यातून बारीक वाहिन्या थेट मुळांच्या बेचक्यात उतरतात. त्यामुळे दुधाच्या दाढेचा पू बहुधा आधी बेचक्यातच साठतो आणि तिथले हाड विरघळवतो. आणि बेचक्यात कोण बसले आहे ते एक्स-रेमध्ये दिसलेच.

बाहेरून हे सारे फार साधे दिसते. आधी गोड किंवा गार खाल्ले की कळ येते, मग रात्री ठणका लागतो, मूल त्या बाजूने चावायचे टाळते. लवंगतेलाचा बोळा ठेवला जातो, औषधाच्या दुकानातून वेदनाशामक सिरप येते. काही दिवसांनी ठणका आपोआप थांबतो. घरातल्यांना हायसे वाटते, आणि सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो. ठणका थांबण्याचे कारण बहुतेकदा मज्जा मेली हेच असते. मेलेल्या मज्जेला दुखत नाही, जंतू मात्र आता मोकळे असतात. पुढे दाढेजवळच्या हिरडीवर मुगाएवढी पुळी येते, फुटते, पुन्हा येते. पुवाला वाट मिळालेली असल्याने दाब तयार होत नाही आणि मूल तक्रारही करत नाही. अशी पुळी वर्ष-दोन वर्षे येत-जात राहिलेली मुले दंतवैद्यांना नेहमी भेटतात. ‘दुधाचा दात आहे, पडणारच आहे’ हे वाक्य या पुळीच्या जोडीला हमखास असते. मराठी घरांत असते, गुजराती घरांतही असते. त्यातला हिशेब चुकतो तो असा: पुढचे पटाशीचे दात सहा-सात वर्षांना पडतात हे खरे, पण दुधाची दुसरी दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायची असते. चार वर्षांच्या मुलाच्या किडक्या दाढेला अजून सहा-आठ वर्षे काम करायचे असते.

आणि ही थोड्या मुलांची गोष्ट नाही. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते.

दुधाच्या दाताच्या संसर्गामुळे त्याच्या जागी येणाऱ्या एकाच कायमच्या दाताचे इनॅमल बिघडते, हे ब्रिटिश दंतवैद्य जोसेफ जॉर्ज टर्नर यांनी १९१२ मध्ये रुग्णांच्या उदाहरणांसह मांडले. तेव्हापासून अशा दाताला ‘टर्नरचा दात’ म्हणतात. त्याची तऱ्हा सौम्य असते तेव्हा माथ्यावर एखादा पिवळसर किंवा तपकिरी, ठळक कडेचा डाग दिसतो. त्याहून जास्त बिघाड असेल तर खड्डे, खाचा, वेडावाकडा माथा. उपदाढेचे उंचवटे नीट घडलेलेच नसतात. फार तीव्र आणि दीर्घ संसर्गात दंतांकुराची वाढ तिथेच थांबते, क्वचित तो पुवासोबत बाहेरही टाकला जातो. असे खड्डे पडलेले दात तोंडात आल्यावर गार-गरम झोंबते, ब्रश त्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, आणि ते पुन्हा लवकर किडतात.

प्रत्येक किडकी दाढ खालच्या दाताला बाधतेच असे मात्र नाही. संसर्ग किती जोरकस, किती दिवसांचा, आणि त्या वेळी दंतांकुर कोणत्या टप्प्यावर होता, या तीन गोष्टींवर परिणाम ठरतो. बऱ्याच मुलांत माथा आधीच पूर्ण झालेला असतो, किंवा दंतांकुराची पिशवी शाबूत राहते, आणि कायमचा दात निर्मळ येतो. नुसत्या आठवणींवर विसंबून अशा गोष्टींचा निवाडा होत नाही. त्यासाठी मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा असा अभ्यास चालू आहे. त्यातले दातांविषयीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांच्या वयात ज्यांचे पटाशीचे दुधाचे दात किडलेले होते, त्यांच्यात त्याच जागी आलेल्या कायमच्या दातांवर ठळक कडेचे डाग अधिक प्रमाणात आढळले.

बडोदा आणि त्याच्या पूर्वेच्या पट्ट्यात हा डाग ओळखणे हा एक वेगळाच प्रश्न होऊन बसतो, कारण इथे दातांवर डाग पडायला दुसरे एक मोठे कारण जमिनीतच आहे. २०१३ पर्यंत बडोदा जिल्ह्यात असलेल्या आणि आता वेगळा जिल्हा झालेल्या छोटा उदेपूर भागात आंबाडुंगर इथे फ्लोरस्पारचा, म्हणजे फ्लोराइडच्या खनिजाचा मोठा साठा आहे. जवळच्या कडिपाणी इथे गुजरात खनिज विकास महामंडळाने त्यासाठी प्रकल्प उभारला. अशा खडकांतून झिरपलेल्या विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणीच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी मूल पहिल्या सात-आठ वर्षांत सतत प्याले की घडणाऱ्या दातांच्या इनॅमलवर पांढरे पट्टे, आणि पुढे तपकिरी डाग येतात. बडोदा शहराची गोष्ट निराळी. सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, १८९२ मध्ये पूर्ण झालेला आजवा तलाव आणि मही नदी यांचे पाणी शहर पिते, आणि तलाव-नद्यांच्या पाण्यात फ्लोराइड साधारणपणे कमीच असते. उपचारासाठी मात्र पूर्वेकडची मुले बडोद्याच्याच दवाखान्यांत येतात. डागाळलेला दात दिसला की ‘पाण्यामुळे’ असे म्हणून विषय मिटवणे या भागात फार सोपे आहे, आणि म्हणूनच ते टाळले पाहिजे.

फरक ओळखायला यंत्र लागत नाही. पाणी सगळ्या दातांना सारखेच मिळते, त्यामुळे फ्लोराइडचे डाग जोडीने पडतात: डावीकडच्या दातावर जसे, तसेच उजवीकडच्या जोडीदारावर. त्यांच्या कडा धूसर असतात, बारीक आडव्या रेषा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. टर्नरचा दात एकटा असतो. डावी दुसरी उपदाढ खड्डेदार, तपकिरी, आणि उजवी स्वच्छ, असे दिसले की त्याच जागी आधी असलेल्या दुधाच्या दाढेचा इतिहास विचारायचा. ‘तिथे सारखी पुळी यायची’ असे उत्तर बहुधा मिळते. पटाशीच्या एकट्या दातावर डाग असेल तर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. एक ते तीन वर्षांची मुले चालायला शिकताना तोंडावर पडतात, वरचा दुधाचा दात हिरडीत घुसतो आणि त्याचे मूळ मागच्या दंतांकुरावर आदळते. पटाशीच्या दातांत टर्नरसारखा डाग किडीपेक्षा अशा माराने पडणे जास्त सामान्य आहे. पहिल्या कायमच्या दाढा आणि पटाशीचे दात यांच्यावरच ठळक पिवळे-तपकिरी डाग असतील तर तो तिसराच विकार असू शकतो. सहा वर्षांना येणाऱ्या त्या दाढेच्या आधी तिथे दुधाचा दातच नसतो, तेव्हा दुधाच्या दाताच्या संसर्गाचा दोष तिला लागू होत नाही.

सहा-सात वर्षांनंतर उपदाढेचा माथा पूर्ण होतो आणि इनॅमल बिघडण्याचा धोका जवळजवळ संपतो. संसर्गाचे नुकसान मात्र थांबत नाही, ते रूप बदलते. बेचक्यातला पू हाड खात राहिला तर उपदाढेच्या वरचे छप्पर नाहीसे होते आणि ती वेळेआधीच, पुरेसे मूळ न धरता बाहेर येते; अशी उपदाढ हिरडीत हलते. उलट, दुधाची दाढ चार-पाच वर्षांनाच काढावी लागली तर तिच्या जागी हाड आणि जाड हिरडी भरून येते, आणि खालची उपदाढ उशिरा उगवते. काही मुलांत दीर्घ संसर्गामुळे दंतांकुराच्या पिशवीत पाणी साठून गाठ तयार होते. खालच्या जबड्यात ती जास्त आढळते, उपदाढेला तिच्या जागेवरून ढकलते, आणि एक्स-रे काढल्याशिवाय बऱ्याचदा कळतही नाही.

सर्वांत सर्रास होणारे नुकसान जागेचे. दुधाची दुसरी दाढ लवकर गेली की तिच्या मागची, सहा वर्षांना आलेली कायमची दाढ पुढे कलते. पहिल्या सहा महिन्यांतच बरीच जागा बुजते. मग दुसरी उपदाढ हिरडीखाली अडकते, किंवा जिभेच्या, टाळूच्या बाजूने वाकडी उगवते. पुढे दहावी-बारावीच्या वर्षांत तारा बांधून घेणाऱ्या कित्येक मुलांच्या वाकड्या दातांचे मूळ अशा अकाली गेलेल्या दुधाच्या दाढेत असते.

दुधाच्या दाढेवरचा उपचार तिला वाचवण्यासाठी असतो, आणि त्यामागे तिच्याखालच्या दाताला वाचवण्याचा हेतू असतो. मज्जेचा वरचाच भाग दुखावला असेल तर तेवढाच काढून खालची जिवंत मज्जा झाकून ठेवतात. मज्जा पूर्ण मेली असेल तर मुळांच्या नळ्या साफ करून भरतात. यालाही लोक ‘रूट कॅनॉल’च म्हणतात. पण भरण्याचे द्रव्य वेगळे असते. मोठ्यांच्या दातांत भरतात ते रबरासारखे द्रव्य इथे चालत नाही, कारण दुधाच्या दाताची मुळे पुढे आपोआप विरघळायची असतात आणि त्यांच्यासोबत भरलेले द्रव्यही विरघळले पाहिजे. त्यासाठी झिंक ऑक्साइड किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड व आयोडोफॉर्मच्या लुकण्या वापरतात. वर स्टीलची टोपी बसवली की दाढ पडण्याच्या दिवसापर्यंत चावते. तयार स्टीलच्या टोप्या १९५० पासून वापरात आहेत. त्या चकचकीत दिसतात म्हणून काही पालक नको म्हणतात. दोन बाजूंनी खचलेल्या दाढेत नुसते सिमेंट भरण्यापेक्षा मात्र त्या कितीतरी जास्त टिकतात.

काही वेळा दाढ वाचवण्याचा हट्टच घातक ठरतो. बेचक्यातले हाड दंतांकुराच्या पिशवीपर्यंत विरघळले असेल, मुळे बरीचशी गेली असतील किंवा भरण्याजोगा दातच उरला नसेल, तर दाढ काढणे हाच खालच्या दाताच्या हिताचा मार्ग. मग जागा राखण्यासाठी शेजारच्या दाताला पट्टी आणि तारेचा फास असलेले साधन बसवतात. दाढ काढली आणि साधन बसवायचे राहून गेले, तर काम अर्धेच झाले असे समजावे. प्रतिजैविकांच्या गोळ्या-सिरपांविषयी स्पष्ट सांगायला हवे: त्यांनी सूज उतरते, मेलेल्या मज्जेतले जंतू जात नाहीत, कारण तिथे रक्तपुरवठाच उरलेला नसतो. दर दोन महिन्यांनी सिरप देऊन पुळी बसवत राहणे म्हणजे संसर्गाला दंतांकुराशेजारी मुक्काम करू देणे. आणि गाल किंवा जबड्याखाली सूज पसरली, डोळा मिटू लागला, ताप आला, गिळायला त्रास होऊ लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

बडोद्यात अशा उपचारासाठी फार दूर जावे लागत नाही. शहराच्या मध्यात सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल आहे. वाघोडिया रस्त्यावर पिपरिया इथे के. एम. शाह दंत महाविद्यालय आहे, आणि शहरात मनुभाई पटेल दंत महाविद्यालय. दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांना एकदा तपासतात. त्यांच्या यादीत दातांचे विकारही आहेत. तपासणीच्या चिठ्ठीवर ‘दात’ असे लिहून आले तर ती चिठ्ठी दप्तरात विसरायची नाही.

कीड लागूच नये म्हणून करायच्या गोष्टी साध्या आहेत, पण रोजच्या आहेत. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवणे सर्वांत वाईट, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध वरच्या दातांवर रात्रभर साचून राहते. दिवसभरात साखर किती वेळा तोंडात जाते, हे ती किती जाते याइतकेच महत्त्वाचे; बिस्किटे, वेफर आणि बडोद्याचा गोडसर लिलो चेवडो हे दाढांच्या खाचांत चिकटून बसणारे पदार्थ जेवणाच्या वेळीच द्यावेत. पहिला दात दिसला की तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट ब्रशवर घेऊन मोठ्यांनी दात घासावेत, आणि तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. जिथे पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे तिथे पेस्टबाबत दंतवैद्याला विचारूनच ठरवावे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला दाढा घासण्याचे कसब येत नाही, तेव्हा रात्रीचे घासणे आईवडिलांच्याच हाताचे असावे. पहिली तपासणी बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी.

टर्नरचा दात तोंडात आलाच, तर त्यालाही उपचार आहेत. नुसता डाग असेल आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर फ्लोराइडचा लेप लावून लक्ष ठेवणे पुरते. पुढचा दात असेल तर दाताच्या रंगाच्या लुकणीने डाग झाकता येतो. खड्डेदार उपदाढेत आधी ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात, कारण ते ओलसर, अर्धवट उगवलेल्या दातालाही धरते आणि फ्लोराइड सोडत राहते. दात पुरा वर आला की त्याच्या जागी टिकाऊ भरणी करतात. माथा फारच मोडका असेल तर सुरुवातीला स्टीलची टोपी, आणि जबड्याची वाढ संपल्यावर, साधारण अठरा वर्षांनंतर, सिरॅमिकची. तारा बांधायच्याच असतील आणि जागेसाठी एखादी उपदाढ काढायची असेल, तर निरोगी दात काढण्याऐवजी हीच उपदाढ काढता येते का, हे तारा बांधणाऱ्या दंतवैद्याला सुरुवातीलाच विचारावे.